निशिझाकाच्या टेकडीवर

नागासाकीच्या स्टेशनांतून बाहेर पडलें कीं चार-पांच मिनिटांच्या वाटेवर एक लहानशी टेकडी लागते. तिचें नांव निशिझाका. या जपानी शब्दाचा अर्थ 'पश्चिमेकडचा चढ' एवढाच. आणि चढहि असा, कीं ज्यानें पुण्याची पर्वती एकदां पायांखालीं घातली आहे त्यानें याला टेकडी म्हणावें कीं नाहीं याचा विचार करावा. माथ्यावर एक लांबट दगडी भिंत आहे, आणि तिच्यावर ओळीनें सव्वीस ब्राँझच्या मूर्ति आहेत. पुरुषभर उंचीच्या, त्यांत तीन मात्र लहान, कारण त्या मुलांच्या आहेत. बहुतेकांचे हात जोडलेले आहेत. पाय मात्र जमिनीस टेकलेले नाहींत. पावलें खालीं लोंबत आहेत, आणि पाहणाऱ्यास वाटतें कीं हीं माणसें आतांच कोणीं तरी अलगद उचललीं आहेत. फुनाकोशी या शिल्पकारानें घडविलेलें हें स्मारक १९६२ सालीं येथें उभारण्यांत आलें.

या सव्वीसांतील एक आमच्या वसईचा आहे. मी नागासाकीस गेलों तो मुख्यत्वें त्याच्यासाठीं.

माझा पुतण्या फुकुओका येथें नोकरीस आहे. त्याच्या आग्रहास्तव आम्हीं उभयतां वसंतऋतूंत तिकडे गेलों होतों. तेथून नागासाकी आगगाडीनें दीड तासाच्या आसपास. मध्यें ताकेओ-ओन्सेन या स्टेशनावर उतरून समोरच्याच फलाटावर उभ्या असलेल्या शिंकान्सेन गाडींत बसावें लागतें. हा नवा मार्ग २०२२ सालीं सुरू झाला. गाडी इतकी बोगद्यांतून जाते कीं खिडकीबाहेर पाहण्याची हौस लवकरच भागते. पुतण्या म्हणाला, "काका, लोक येथें अणुबाँबचें संग्रहालय पाहायला येतात, तुम्हीं मात्र फांशीचा माळ पाहायला निघालां!" त्याचें म्हणणें खरें होतें. निशिझाका ही त्या काळीं वधाचीच जागा होती.

गोन्सालो गार्सिया हा सुमारें १५५६-५७ च्या सुमारास वसईस जन्मला. बाप पोर्तुगीज, आई याच मुलुखांतली. वसईच्या जेझुइट पाद्र्यांपाशीं तो शिकला, लहान वयांतच त्यांच्याबरोबर जपानांत गेला, आणि तेथली भाषा अशी शिकला कीं पाद्र्यांस जें बोलणें जड जाई तें हा सहज बोले. परंतु जेझुइट संघांत त्यास दीक्षा मिळाली नाहीं. मग त्यानें मकाव येथें व्यापार केला, पैसा मिळविला, आणि अखेर तें सर्व टाकून मनिला येथें फ्रान्सिस्कन संघांत साध्या बंधूची दीक्षा घेतली. पुरोहित तो कधींच झाला नाहीं. १५९३ सालीं फ्रान्सिस्कन पाद्री पेद्रो बाप्तिस्ता याचें शिष्टमंडळ हिदेयोशीकडे गेलें, तेव्हां दुभाषा म्हणून या वसईकरास बरोबर घेतलें. जपानच्या सर्वाधिकाऱ्यासमोर उभें राहून बोलणारा हा पहिलाच कोंकणपट्टींतला मनुष्य असावा असें मला वाटतें; पण हा माझा तर्क आहे, त्यावर कोणीं इमारत बांधूं नये.

हिदेयोशीनें १५८७ सालींच पाद्र्यांस देश सोडण्याची आज्ञा काढली होती. ती पाळली मात्र जात नव्हती. १५९६ च्या शरद् ऋतूंत 'सान फेलिपे' नांवाचें एक स्पॅनिश जहाज तोसाच्या किनाऱ्यास लागून फुटलें. त्याच्या मालावरून तंटा झाला. आधीं पाद्री येतात आणि मागून सैन्य येतें, असा संशय हिदेयोशीच्या मनांत बळावला, आणि क्योतो व ओसाका येथील ख्रिस्ती धरले गेले. प्रथम चोवीस होते. नाक व कान कापून त्यांची धिंड काढावी असा हुकूम होता. एका दयाळु अंमलदारानें तें डाव्या कानाच्या पाळीवर भागविलें. मग भर हिंवाळ्यांत त्यांस क्योतोपासून नागासाकीपर्यंत चालवीत नेलें. आठशें किलोमीटरांच्या आसपासचें अंतर, आणि जवळजवळ महिनाभराची वाट! वाटेंत त्यांची सेवा करणारे आणखी दोघे धरले जाऊन संख्या सव्वीस झाली. त्यांत सहा परदेशी फ्रान्सिस्कन, तीन जपानी जेझुइट, आणि बाकीचे सतरा जपानी गृहस्थ व मुलें. लहानग्या लुईचें वय अवघें बारा वर्षांचें. अंमलदारानें त्यास, धर्म सोड, मी तुला घरीं ठेवून घेतों, असें सांगून पाहिलें. मुलानें तें नाकारलें. चौदा वर्षांच्या तोमासनें वाटेंत मिहारा येथें कैदेंत असतां आईस पत्र लिहिलें. आमची चिंता करूं नको, धाकट्या भावांस सांभाळ, असा त्याचा आशय. तें पत्र पुढें त्याच्या बापाच्या प्रेतावर रक्तानें भिजलेलें सांपडलें, कारण बापहि त्याच ओळींत क्रुसावर होता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं या टेकडीवर सव्वीस क्रूस उभे राहिले, आणि भाल्यांनीं सर्वांचा अंत झाला. गोन्सालो तेव्हां चाळिशीच्या घरांत होता.

१८६२ सालीं रोमनें या सर्वांस संतपद दिलें. वसईकडे गास या गांवीं गोन्सालोच्या नांवाचें चर्च आहे. वसईंत महाविद्यालयहि आहे. मी मात्र साठी उलटेपर्यंत त्याचें नांव ऐकलें नव्हतें. हें आमच्या शिक्षणाचें वैगुण्य म्हणावें कीं आमच्या आळीचें, याचा निर्णय मी करूं शकलों नाहीं.

येथें एक गोष्ट वाचकांपासून लपवून ठेवणें बरें नव्हे. आमचें कुलदैवत श्रीमंगेश. आमच्या आजीच्या तोंडची एक हकीकत मी लहानपणापासून ऐकत आलों: साष्टींत फिरंग्यांनीं देवळें पाडण्याचा सपाटा लावला, तेव्हां आमच्या पूर्वजांनीं कुशस्थळीचें लिंग नदीपार प्रियोळास नेलें. सन १५६०. त्याच सालीं गोव्यांत इन्क्विझिशनची कचेरी बसली, आणि थोडा काळ सोडला तर ती १८१२ पर्यंत टिकली. तेव्हां 'ख्रिस्ती हुतात्मे' हा शब्द ऐकतांच आमच्यासारख्याच्या मनांत प्रथम जी कळ उठते ती सहानुभूतीची नसते. ज्या वर्षांत पोर्तुगीजांच्या छायेंत आमचे देव अंधारांतून पळत होते, त्याच पिढींत, त्याच पोर्तुगीजांच्या वसईंत जन्मलेला मुलगा दुसऱ्या देशांत आपल्या देवासाठीं मेला. एकाच धर्माला एके ठिकाणीं तलवार मिळाली आणि दुसऱ्या ठिकाणीं भाला छातींत मिळाला. निशिझाकावर उभा राहून मी दोन्ही गोष्टी एकाच वेळीं मनांत धरूं पाहत होतों, आणि खरें सांगतों, तें सोपें नव्हतें.

सौ. मात्र मूर्तींच्या ओळींत त्या तीन मुलांसमोर उभी होती. ती एवढेंच म्हणाली, "हा बारा वर्षांचा. म्हणजे आपल्या नातवाएवढा." मग आम्हीं खालीं उतरलों.

सव्वीसांच्या मरणानें जें आरंभलें तें थोडक्यांत आटोपलें नाहीं. तोकुगावा घराण्यानें १६१४ सालीं ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी घातली. याच टेकडीवर १६२२ सालीं पंचावन्न जणांस एका दिवशीं जाळून व शिरच्छेद करून मारलें. उन्झेनच्या उकळत्या झऱ्यांचें पाणी लोकांच्या अंगावर ओतण्यांत आलें. पुढें अधिकाऱ्यांच्या ध्यानांत आलें कीं मेलेला मनुष्य हुतात्मा होतो व त्याचे दहा अनुयायी निर्माण होतात. धर्म सोडून जिवंत राहिलेला मनुष्य मात्र सरकारच्या फार उपयोगी पडतो. म्हणून खड्ड्यांत उलटें टांगण्याची शिक्षा निघाली. १६३३ च्या ऑक्टोबरांत अशा खड्ड्यांवर कांहीं पाद्री टांगले होते. त्यांत पोर्तुगीज जेझुइटांचा प्रमुख क्रिस्तोव्हाव फेरैरा होता. तो पांच तासांत शरण आला, त्यानें जपानी नांव घेतलें आणि पुढें अधिकाऱ्यांस ख्रिस्ती लोकांच्या चौकशींत मदत केली. त्याच्याच शेजारीं ज्युलियन नाकाउरा हा जपानी पाद्री होता. हा मुलगा असतां जपानच्या पहिल्या शिष्टमंडळांतून गोव्यावरून रोमपर्यंत जाऊन आलेला. तो चौथ्या दिवशीं मेला, पण शरण आला नाहीं. दोघांचा धर्म एक, संघ एक, संकट एक. कष्टांनीं श्रद्धा बळकट होते असें ज्यांस म्हणावयाचें असेल त्यांनीं फेरैराचें नांव सोडून पुढें जाऊं नये. मी स्वतः त्याला दोष देण्यास धजत नाहीं. साधी दाढ दुखली तरी मी घर डोक्यावर घेतों.

यानंतर जें घडलें तें मला हुतात्म्यांच्या कथेहूनहि अधिक आश्चर्याचें वाटतें. पाद्री संपले. अखेरचे पकडले गेले, नवे येईनात. १६३७-३८ च्या शिमाबाराच्या बंडाचा शेवट हजारों माणसांच्या कत्तलींत झाल्यावर पोर्तुगीजांस देशांत पाऊल टाकण्याची मनाई झाली. डच व्यापारी तेवढे देजिमा या पंख्याच्या आकाराच्या चिमुकल्या बेटांत कोंडून ठेवले. प्रत्येक कुटुंबानें बौद्ध मंदिरांत नांव नोंदविलेंच पाहिजे असा नियम झाला. पांच-पांच घरांचे गट करून एकाच्या अपराधास पांचांस जबाबदार धरलें. चव्हाट्यावर फळे लागले: ख्रिस्ती दाखवून द्या, चांदीचीं नाणीं घेऊन जा. आणि नव्या वर्षाच्या आरंभीं नागासाकींत घरोघर धातूचा एक पत्रा फिरे. त्यावर येशूची किंवा मरियेची आकृति कोरलेली असे, आणि म्हाताऱ्यापासून तान्ह्या मुलापर्यंत सर्वांनीं तिच्यावर पाय द्यावयाचा. या विधीस 'फुमि-ए' म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा चालला.

ते लोक पाय देत. यांत लपविण्यासारखें कांहीं नाहीं. ते पाय देत, घरीं जात, दार लावून घेत, आणि क्षमायाचनेची प्रार्थना म्हणत. असें एक वर्ष नव्हे, दोनशें वर्षें! पुरोहिताशिवाय पापनिवेदन होत नाहीं. म्हणून मनापासूनच्या पश्चात्तापाचा एक पाठ त्यांनीं जपून ठेवला होता. उराकामी खेड्यांत त्यांची व्यवस्था मोठी चोख असे. एकजण पंचांग राखणारा: तो सणवार व उपवास काढी. दुसरा बाप्तिस्म्याचें पाणी देणारा. तिसरा वाड्यावाड्यांतून निरोप पोंचविणारा. लॅटिन आणि पोर्तुगीज भाषांतल्या प्रार्थना तोंडपाठ. अर्थ लोपलेला, शब्द झिजलेले, पण क्रम तोच. आपल्याकडे ज्या घरांत रुद्राचा अर्थ कोणास ठाऊक नसतांहि स्वर चुकूं देत नाहींत, त्या घरांतील वाचकांस हें निराळें समजावून सांगावयास नको.

त्यांच्या देव्हाऱ्यांतील मूर्ति आम्हीं ओउरा येथील संग्रहालयांत पाहिली. पांढऱ्या चिनी मातीची कान्नोन, मांडीवर मूल. कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर. तोच, जो बोरिवलीजवळच्या कान्हेरी लेण्यांत अकरा मुखांनीं उभा आहे. भारतांतून चीनमार्गें जपानांत जातां जातां तो स्त्रीरूप पावला. झडतीस आलेल्या शिपायानें पाहावें तर ती बौद्ध करुणादेवता. घरच्या माणसानें पाहावें तर मरिया. सौ. कांचेस नाक लावून बराच वेळ उभी राहिली आणि मग मला म्हणाली, "आजेसासूबाई सांगत ना, त्यांच्या माहेरीं कोणे काळीं तुळशीवृंदावनाच्या पोटांत देव ठेवले होते म्हणून? तसेंच हें." आमच्या आजीची ती दुसरी हकीकत मी विसरून गेलों होतों. त्या क्षणीं मनांतली ती सकाळची कळ पुष्कळ निवळली. ज्यानें आपला देव लपविला आहे त्यास दुसऱ्याचा लपविलेला देव ओळखावयास वेळ लागत नाहीं.

ओउराचें चर्च टेकडीच्या पायऱ्यांवर आहे. १८५० नंतरच्या दशकांत जपानची बंदरें उघडलीं, तेव्हां परदेशी व्यापाऱ्यांपुरतें म्हणून फ्रेंच मिशनऱ्यांनीं तें बांधलें. १८६५ च्या फेब्रुवारींत त्याचा अर्पणविधि झाला. निशिझाकाच्या सव्वीस हुतात्म्यांसच तें अर्पण केलें आहे, आणि त्याचें तोंडहि त्या टेकडीकडे आहे. जपानी लोकांस ख्रिस्ती होण्याची बंदी अजून कायम होती. १७ मार्च १८६५ रोजीं दुपारीं उराकामीचीं दहा-पंधरा माणसें, चर्च पाहावयास आल्याचें निमित्त करून, दाराशीं उभीं राहिलीं. पाद्री पेतिजां यानें दार उघडलें. तो वेदीसमोर प्रार्थनेस बसला असतां एक बाई जवळ आली आणि हलक्या आवाजांत, आमच्या सर्वांचें हृदय तुमच्यासारखेंच आहे, अशा अर्थाचें कांहीं बोलली. मग तिनें विचारलें कीं सांता मारियाची मूर्ति कोठें आहे? पेतिजांनें त्यांस मूर्तीकडे नेलें. मांडीवरचें मूल पाहतांच त्यांची खात्री पटली. बास्तियान नांवाच्या एका जपानी धर्मशिक्षकानें सांगून ठेविलें होतें म्हणतात, कीं सात पिढ्यांनंतर मोठ्या जहाजांतून पापनिवेदन ऐकणारे येतील. पिढ्या मोजीत बसलेल्या माणसांनीं जहाजें पाहिलीं, आणि तीं विचारावयास आलीं.

ती मूर्ति आजहि त्या चर्चमध्यें आहे. गर्दी होती, शाळेच्या सहलीचीं मुलें होतीं, आणि छायाचित्र काढण्यास मनाई असल्याचें सांगणारा एक शिपाई होता. २०१८ सालीं युनेस्कोनें येथील बारा स्थळांस जागतिक वारशांत घेतल्यापासून ही रांग वाढली आहे. तरी त्या गडबडींतहि ती जागा आपल्याशीं कांहीं बोलते.

एवढ्यावर कथा सुखान्त व्हावयास हवी होती. तसें झालें नाहीं. उराकामीचे लोक उघड झाले आणि म्हणून पुन्हा पकडले गेले. मध्यंतरीं तोकुगावांचें राज्य जाऊन मेइजींचें आलें. पण नवें सरकारहि या बाबतींत जुनेंच निघालें. १८६८ पासून १८७० पर्यंत सगळें खेडें, सुमारें ३,४०० माणसें, घरें-शेतें सोडून देशभरांतील वीसएक संस्थानांत वांटून हद्दपार केलीं. नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे. त्सुवानो या डोंगरांतील गांवीं त्यांस तीन फुटांच्या पिंजऱ्यांत कोंडीत, हिंवाळ्यांत गोठलेल्या तळ्यांत बुडवीत. पांच वर्षांच्या एका मुलीस खाऊ दाखवून, येशू आवडत नाहीं एवढें म्हण, असें अधिकारी सांगत होता, आणि ती म्हणाली नाहीं, अशी आठवण तेथें सांगतात. शेंकडों लोकांनीं धर्म सोडल्याचें लिहून दिलें. सहाशेंहून अधिक परत आलेच नाहींत. युरोप-अमेरिकेंत गेलेल्या जपानच्या वकिलातीस जागोजाग याच गोष्टीचा जाब विचारला गेला, तेव्हां १८७३ सालीं ते बंदीचे फळे उतरले आणि माणसें घरीं आलीं.

या सर्व प्रकारास उराकामीच्या लोकांनीं एक शब्द योजिला: 'ताबी'. त्याचा अर्थ, प्रवास. छळ नव्हे, हद्दपारी नव्हे, प्रवास! "आमच्या आजी प्रवासास गेल्या होत्या, तेव्हांची गोष्ट," असें घरोघर बोललें जाई. मी प्रवासवर्णनें पुष्कळ वाचलीं आहेत व कांहीं लिहिलींहि आहेत. गाडी उशिरां आली, डाळभात मिळाला नाहीं, या तक्रारींनीं मीं पानें भरलीं आहेत. त्या शब्दापुढें मला माझी लाज वाटली.

परत आलेल्यांपैकीं इवानागा माकी नांवाच्या एका तरुण बाईची माहिती आमच्या वाचकभगिनींस आवडेल. ती ओकायामाकडून हद्दपारी भोगून आली होती. दुसऱ्याच वर्षीं, १८७४ सालीं, रक्तातिसाराची साथ आली. फादर द रोट्झ या फ्रेंच पाद्र्याच्या हाताखालीं ही आणखी तीन मैत्रिणींसह घरोघर शुश्रूषेस गेली. साथ ओसरली, पण अनाथ मुलें मागें राहिलीं; तीं हिनें घरीं आणलीं, आणि मरेपर्यंत, म्हणजे १९२० पर्यंत, तेंच काम केलें. द रोट्झ पुढें सोतोमे या दरिद्री किनाऱ्यावर गेला. तेथें त्यानें विधवा व गरीब मुलींस विणकाम, शेवया आणि मॅकरोनी करणें शिकविलें. कर्व्यांच्या हिंगण्याच्या आधीं तेरा वर्षें हा उद्योग चालू होता. छळ सोसलेल्या माणसांच्या हातीं स्वातंत्र्य आलें म्हणजे तीं काय करतात यावरून त्यांची परीक्षा करावी असें मला वाटतें. आणि उराकामीच्या लोकांनीं सूड घेण्याऐवजीं अतिसाराच्या रोग्यांचे कपडे धुतले.

दुसरें त्यांनीं केलें तें चर्च. ज्या पाटलाच्या वाड्यांत दर वर्षीं पाय देण्यास उभें राहावें लागे तीच जागा विकत घेऊन, १८९५ सालीं पाया घालून, विटेवर वीट ठेवीत १९१४ पर्यंत त्यांनीं तें पुरें केलें. मनोरे १९२५ सालीं चढले. आशियांतील मोठ्यांतलें एक चर्च, आणि तें शेतकऱ्यांचें! वीस वर्षें तें पूर्णरूपानें उभें राहिलें. ९ ऑगस्ट १९४५ रोजीं ११ वाजून २ मिनिटांनीं अणुबाँब फुटला तो त्यापासून अवघ्या अर्ध्या किलोमीटरवर. विमान मूळ कोकुरा शहरावर गेलें होतें. तेथें लक्ष्य दिसलें नाहीं म्हणून इकडे वळलें. त्या वेळीं मरियेच्या स्वर्गारोहणाच्या सणापूर्वीचें पापनिवेदन चालू होतें. आंतले दोन पाद्री व भाविक, कोणी उरले नाहीं. त्या धर्मपरिषदेचीं सुमारें बारा हजार माणसें होतीं. त्यांतलीं साडेआठ हजार गेलीं. अडीचशें वर्षांच्या छळास जें साधलें नाहीं तें एका ख्रिस्ती राष्ट्राच्या विमानानें क्षणांत केलें. हें वाक्य लिहितांना माझा हात थबकला. पण तें खोटें नाहीं.

येथील वैद्यकीय महाविद्यालयांत क्ष-किरणांचे तज्ज्ञ डॉक्टर नागाइ ताकाशी होते. ते वयांत आल्यावर ख्रिस्ती झाले होते, आणि त्यांची पत्नी मिदोरी ही गुप्त ख्रिस्त्यांच्या त्या पंचांग राखणाऱ्या घराण्यांतली. रक्ताचा असाध्य रोग डॉक्टरांस बाँबच्या आधींच जडला होता. दोन महिन्यांपूर्वींच निदान झालें होतें. ते घरीं पोंचले तेव्हां स्वयंपाकघराच्या जागीं बायकोचीं अस्थि आणि वितळलेली जपमाळ त्यांस सांपडली. नोव्हेंबरांत मृतांच्या स्मरणसभेंत त्यांनीं भाषण केलें: युद्ध थांबावें म्हणून देवानें उराकामीचा निष्कलंक बळी स्वीकारला. उरलेल्या आप्तांस त्या शब्दांनीं धीर दिला, यांत शंका नाहीं. पण पुढें जपानांतच पुष्कळांनीं त्यावर कडक टीका केली: माणसांनीं टाकलेला बाँब देवाच्या माथीं मारला कीं टाकणारेहि सुटतात आणि युद्ध आरंभणारेहि. १९८१ सालीं पोप जॉन पॉल दुसरे हिरोशिमास आले तेव्हां युद्ध हें माणसाचें कृत्य आहे असें त्यांनीं स्पष्ट सांगितलें, आणि वांचलेल्या कित्येक ख्रिस्त्यांस त्या वाक्यानें मोकळें वाटलें. मला टीकाकारांचें म्हणणें पटतें. मात्र डॉक्टरसाहेब शेवटचीं वर्षें ज्या दोन चटयांच्या खोपटांत पडून लिहीत राहिले तें खोपट पाहिल्यावर त्यांच्याशीं वाद घालण्याची माझी इच्छा राहिली नाहीं. ते १९५१ च्या मे महिन्यांत वारले.

आणखी एक गोष्ट, आणि ती मला फार खटकली. १८७३ नंतर सगळे गुप्त ख्रिस्ती रोमच्या चर्चमध्यें परतले नाहींत. इकित्सुकी बेटावर व इतरत्र कित्येक घरें आपल्या पूर्वजांच्या त्या झिजलेल्या प्रार्थनांनाच धरून राहिलीं. आम्हीं जें सांभाळलें तेंच आमचें, नवें आम्हांस नको, असें त्यांचें म्हणणें. त्यांची परंपरा आतां थोड्या म्हाताऱ्या माणसांपुरती उरली आहे. तरुण मुलें शहरांत जातात, प्रार्थना पाठ करावयास कोणास सवड नाहीं, आणि एकेक वाडा आपला देव संग्रहालयाच्या स्वाधीन करून मोकळा होतो. खड्डे आणि पत्रे जिंकले नाहींत. पगाराची नोकरी जिंकली. पुतण्यास मी हें सांगत होतों तेव्हां तो कांहीं बोलला नाहीं. त्याची मुंज मींच लावली आहे, आणि संध्या त्याला येत नाहीं. मीहि पुढें विषय वाढविला नाहीं, कारण मला ती येत असूनहि मी करीत नाहीं.

सायंकाळीं आम्हीं ट्रामनें उराकामीस गेलों. चर्च नवें आहे, १९५९ सालीं पुन्हा बांधलेलें व पुढें विटांनीं मढविलेलें. बाहेर जुन्या चर्चचे काळवंडलेले दगडी संत तसेच ठेवले आहेत. आंत एका बाजूच्या लहान प्रार्थनागृहांत मरियेच्या लांकडी मूर्तीचें केवळ मस्तक आहे. ढिगाऱ्यांत सांपडलेलें, गाल होरपळलेले आणि डोळ्यांच्या जागीं दोन पोकळ्या. सौ. तेथें बसली ती उठेना.

दोन घंटांपैकीं एक त्या दिवशीं फुटली होती. दुसरी ढिगाऱ्याखालून धड निघाली, आणि १९४५ च्या नाताळांत तीन ओंडक्यांना टांगून लोकांनीं ती वाजविली. फुटलेल्या घंटेची जागा ऐंशीं वर्षें रिकामी होती. अमेरिकेंतील कॅथलिकांनीं वर्गणी करून नवी घंटा पाठविली, आणि ९ ऑगस्ट २०२५ रोजीं अकरा वाजून दोन मिनिटांनीं दोन्ही घंटा पुन्हा एकत्र वाजल्या. आम्हीं बाहेर पडत होतों तोंच त्या सुरू झाल्या. सौ. नाशिकची. ती म्हणाली, "आमची नारोशंकराची घंटा याहून मोठी आहे." मग थोड्या वेळानें, "पण तीहि कोणाच्या तरी चर्चमधलीच होती म्हणतात ना?" मीं होय म्हटलें. वसईच्या मोहिमेनंतर आणलेली, असें मी लहानपणापासून ऐकत आलों आहें.

दारापाशीं एक वृद्ध बाई लांब दांड्याच्या झाडूनें पानें गोळा करीत होती. घंटा ऐकतांच तिनें झाडू भिंतीस टेकविला, डोकें लववून कांहीं पुटपुटली, आणि आवाज विरेपर्यंत तशीच उभी राहिली. मग तिनें झाडू उचलला. पानें पुन्हा उडालीं होतीं. तीं तिनें पहिल्यापासून गोळा करावयास घेतलीं. आमची ट्राम उताराखालीं येऊन उभी होती.